पालथ्या वाटीखालचा रस

यादी पाच ओळींची होती. ताइचुंगच्या इस्पितळात आहार सांगणाऱ्या को मॅडमनी ती निळ्या शाईत, गोल अक्षरात लिहून दिली होती आणि प्रत्येक ओळीपुढे एक चौकोन काढला होता, वस्तू आणली की खूण करायला. प्रोटीनची पावडर. मोठ्या माणसांच्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या. कॅल्शियम, पण डब्यावर सायट्रेट लिहिलेलंच. लोह. बी-बारा. आणि सगळ्याच्या खाली दोन रेघा ओढून एकच शब्द: जन्मभर.

सोबीला पाच ओळींपेक्षा त्या एका शब्दाचा राग आला. ऑपरेशन एकदाच, मग सुटलो, असं तिची पोरगी यूवेन म्हणाली होती. सरकारी विम्यातून बराचसा खर्च निघेल असंही म्हणाली होती, आणि तो निघालाही. म्हणजे पोट कापून अंड्याएवढं करायला विमा तयार, आणि त्या अंड्याएवढ्या पोटात पुढे काय घालायचं ते ज्याचं त्यानं बघायचं. हा कुठला न्याय, असं तिनं बसमध्ये शेजारच्या बाईला विचारलंही असतं. पण ऑपरेशनबद्दल गावात, हूवेइत, कुणाला कळू द्यायचं नव्हतं, आणि बसमधली निम्मी माणसं हूवेइची होती.

ती काम करायची त्या टॉवेलच्या कारखान्यात सोबीनं सांगून ठेवलं होतं की यूवेनच्या पित्ताशयात खडे झालेत. खड्यांचं ऑपरेशन कुणाचंही होतं, त्यात लाजायचं काही नसतं. एकोणतीस वर्षांची मुलगी एकशे बारा किलोची झाली म्हणून तिचं पोट कापावं लागलं, हे सांगायचं म्हणजे लोक मुलीकडे नाही, आईकडे बघणार. इतकी वर्षं काय करत होतीस, असं डोळ्यांनीच विचारणार. सोबी इतकी वर्षं दुसरं काहीच करत नव्हती. जेवायला बसलं की तिचं लक्ष आपल्या वाटीपेक्षा मुलीच्या वाटीवर जास्त असायचं. ‘बास आता,’ ‘हात उचल,’ ‘तिसऱ्यांदा घेतेस,’ ‘कुठल्या घरात खपणार आहेस अशानं,’ हे बोलता बोलता तिचं स्वतःचं जेवण गार व्हायचं. सहावीत असताना मामाच्या लग्नात भरल्या टेबलावर तिनं यूवेनच्या हातातली वाटी काढून घेतली होती. टेबलावरची माणसं हसली होती आणि यूवेनही त्यांच्याबरोबर हसली होती. मुलगी कोडगी आहे, असं तेव्हा सोबीला वाटलं होतं.

इस्पितळात घरच्यांसाठी तासभर माहिती सांगत होते. सोबी दहा मिनिटं बसली. मग समोर पोटाचं चित्र आलं आणि कुठून कापतात, कुठे जोडतात ते को मॅडम हसतमुखानं सांगू लागल्या, तेव्हा ती उठून बाहेर बाकावर जाऊन बसली. आपण दिलेल्या शरीराला कात्री लावल्याचं कौतुक ऐकायला ती आली नव्हती. उरलेली पन्नास मिनिटं यूवेन एकटीच वहीत लिहून घेत होती.

घरी आल्यावर आठवडाभर यूवेनला जिना उतरायची बंदी होती. तिनं यादी आणि थोडे पैसे आईच्या हातात दिले. “आई, औषधांच्या दुकानातून एवढं घेऊन ये. त्यांना सांग कसलं ऑपरेशन झालंय ते, म्हणजे ते बरोबर काढून देतील.”

औषधांच्या दुकानात पोरसवदा बाई होती, बोलायला गोड. तिनं विचारलं, “मावशी, कुणासाठी?”

तेवढ्यात मागे सोबीच्याच गल्लीतली एक म्हातारी पाठीला लावायच्या पट्ट्या घ्यायला येऊन उभी राहिली. सोबीनं यादी मुठीत दुमडली.

“मुलीसाठी. जरा अशक्त झालीय. टॉनिकसारखं काही द्या.”

दुकानदारीणबाईनं आधी पावडरचा डबा दाखवला, परदेशी, इथल्या सतराशे डॉलरचा. तीन आठवड्यांत संपणारा. सोबीनं तो हातात घेऊन वजन केलं आणि परत ठेवला. मग मोठ्यांच्या गोळ्या, मग कॅल्शियम. सगळं मिळून जेवढं होत होतं तेवढ्यासाठी शिलाईयंत्रावर वाकून तिला आठ दिवस टॉवेलांच्या कडा घालाव्या लागल्या असत्या. आणि हे दर महिन्याला. जन्मभर. तिचा चेहरा बघून बाई म्हणाली, “नुसता अशक्तपणाच असेल तर हे घ्या की. चघळायचं असतं, चवीला छान. मुलं मागून खातात.” अस्वलाच्या आकाराच्या रंगीत वड्या होत्या. बरणीवर सगळी व्हिटॅमिनं इंग्रजी अक्षरांत ओळीनं लिहिली होती. ए, सी, डी, ई. सोबीनं ती बरणी घेतली. यादीत व्हिटॅमिन लिहिलंय, बरणीवर व्हिटॅमिन लिहिलंय, मग आणखी काय पाहिजे?

“दुकानातली बाई म्हणाली, हेच चालतं,” ती घरी येऊन म्हणाली. “तुझ्या को मॅडमना दुकानवाल्यांकडून काही मिळत असेल. परदेशी डबे म्हणजे नुसते जाहिरातीचे पैसे.”

यूवेननं बरणी हातात फिरवली. मागची बारीक अक्षरं तिनं बराच वेळ वाचली.

“आणि पावडर?”

“पावडर कशाला? घरात आई मेलीय का? मामाकडे कोंबड्या आहेत.”

यूवेन काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. मग म्हणाली, “बरं.”

इतक्या सहज बरं म्हणेल असं सोबीला वाटलं नव्हतं. पोरीला शेवटी पैशांची किंमत कळली, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. उरलेले पैसे तिनं तांदळाच्या डब्याखाली ठेवले.

खरं तर रसाची सुरुवात लोकांनीच करून दिली होती. कुणी आजारी पडलं की भेटायला येणारा माणूस कोंबडीच्या रसाच्या पाकिटांचं खोकं घेऊन येतो. बाळंतीण असो, परीक्षेला बसलेलं पोर असो, की गुडघा बदललेला म्हातारा असो, खोकं तेच. यूवेनच्या खड्यांसाठी सात खोकी आली. कारखान्यातली ग्योक, सोबीच्या शेजारच्या यंत्रावर बसणारी, खोकं ठेवता ठेवता म्हणाली, “ताई, हे विकतचं पाण्यासारखं असतं. देताना बरं दिसतं म्हणून आणायचं. खरा रस घरी काढावा.”

“ते काय मला सांगायला पाहिजे?” सोबी म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ अंड्यांसाठी कोंबड्या पाळायचा. अंडी द्यायच्या बंद झालेल्या म्हाताऱ्या कोंबड्या तो व्यापाऱ्याला मातीमोल भावानं द्यायचा. रसाला म्हातारीच कोंबडी लागते, हे आईनं सोबीला शिकवलेलं. रविवारी तिनं स्कूटरच्या पायाशी पिंजऱ्यातून सहा आणल्या. “ताई, मांस वातड आहे हां,” भाऊ म्हणाला. “मांस कुणाला खायचंय?” ती म्हणाली.

पहाटे उठून ती कोंबडी सोलायची, सुरीच्या पाठीनं ठेचून हाडं मोडायची. मग खोल भांड्यात एक वाटी पालथी घालायची आणि तिच्यावर ठेचलेली कोंबडी रचायची. पाण्याचा थेंब घालायचा नाही. झाकण लावून भांडं विजेच्या कुकरमध्ये ठेवायचं. कारखान्याला जायच्या आधी कुकर भांड्याबाहेर ओतलेलं पाणी पाच वेळा आटवून टकटक वाजायचा. एवढ्या वेळात कोंबडीतलं जे काही असतं ते थेंबाथेंबानं गळून पालथ्या वाटीखाली जमतं. एका कोंबडीचा एक वाटी रस, सोन्यासारखा पिवळा. वरचं तेल ती चमच्यानं काढायची. उरलेला चोथा, कोरडा, दोरीसारखा, अंगणात बांधलेल्या कुरोपुढे टाकायची. कुरो काळा, भुरटा, बरगड्या दिसणारा कुत्रा होता. पहिल्या दिवशी त्याला आपलं नशीब खरं वाटेना. तो चोथा हुंगून सोबीकडे बघत राहिला.

पहिली वाटी तिनं यूवेनच्या हातात दिली आणि समोर स्टूल ओढून बसली.

“घे. सगळं संपव. एक थेंब ठेवायचा नाही.”

यूवेन वाटीकडे न बघता तिच्याकडे बघत होती.

“काय बघतेस?”

“काही नाही. काय म्हणालीस?”

“कान पण कापलेत का? म्हटलं, सगळं संपव. पी. अंगाला लागेल.”

यूवेननं चमचा तोंडात घातला. नव्या पोटाला घाई चालत नव्हती. एक चमचा, मग थांबायचं. ती वाटी संपायला तासभर लागला आणि त्यानंतर दुपारपर्यंत तिला दुसरं काही जाईना. सोबी त्या दिवशी अर्धा तास उशिरा कामावर गेली, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही. स्टुलावर बसून चमचे मोजताना फार दिवसांनी तिला आपण कुणाची तरी आई असल्याचं सुख मिळालं होतं.

वजन उतरत गेलं. सहा आठवड्यांनी यूवेन जवळच्या दोऊल्यूच्या विमा कचेरीत फोन घ्यायच्या कामावर परत जायला लागली, तेव्हा गल्ली तिच्याकडे वळून बघू लागली. “काय खडे होते की धोंडे?” पाठीच्या पट्ट्यांवाली म्हातारी म्हणाली. ग्योकनं आपल्या भाच्याची गोष्ट काढली. वीज कंपनीत नोकरी, स्वभावानं गरीब, उंची बेताची. सोबीनं ‘बघू’ म्हटलं आणि संध्याकाळभर गालातल्या गालात हसत राहिली. हे सगळं आपल्या कोंबड्यांचं देणं आहे, असं तिला खरोखर वाटत होतं. डॉक्टरनं कापलं, पण उभं मी केलं.

केस मात्र जाऊ लागले. न्हाणीघराच्या जाळीवर रोज मूठभर. ऑपरेशननंतर केस जातातच, यूवेन म्हणाली, त्यांनी सांगितलंय. सकाळी रस प्यायल्यावर ती न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडायची. नळाच्या आवाजाआडून उलटी ऐकू येते ते सोबीला कळत होतं. तरी तिनं विचारलं नाही, कारण उत्तर ‘रस’ असं येईल याची तिला भीती होती. तेल नीट निघालं नसेल, असं म्हणून ती दुसऱ्या दिवशी दोनदा तेल काढायची. इस्पितळानं तपासायला बोलावलेल्या तारखेला यूवेन गेली नाही. कचेरीतून सुट्टी मिळत नाही, म्हणाली.

मग चपलेचं झालं. यूवेन स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आली आणि तिची एक चप्पल उंबऱ्यातच राहिली. ती तशीच चालत येऊन खुर्चीवर बसली, एका पायात चप्पल, एक पाय उघडा.

“चप्पल कुठाय?” सोबीनं विचारलं.

यूवेननं खाली बघितलं. आपला पाय उघडा आहे हे तिला तेव्हा कळलं.

“राहिली वाटतं.”

“लक्ष कुठे असतं गं? नवऱ्याच्या घरी पण अशीच एका चपलेत फिरणार आहेस?”

यूवेन हसली नाही. तिनं पाय हातानं उचलून दुसऱ्या पायावर ठेवला आणि तळवा चोळत बसली. दोन-चार दिवसांत चप्पल पुन्हा राहिली. मग रोजच राहू लागली, आणि सोबी रोज ती उचलून आणून पायाशी ठेवू लागली. ताकद कमी पडतेय, एवढंच तिला कळलं. तिनं भावाकडून दुप्पट कोंबड्या आणल्या आणि एका वाटीला दोन कोंबड्या लावल्या. रस घट्ट झाला, गार झाला की थरथरायचा. कुरो आता फुगून दिवसभर सावलीत पडून असायचा. कारखान्यातल्या बायका घरी आल्या तेव्हा ग्योक म्हणाली, “ताई, या कुत्र्याचे पण खडे काढा.” सगळ्या हसल्या, सोबी सर्वांत मोठ्यानं.

ऑपरेशनला अकरा आठवडे झाले त्या सकाळी यूवेन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून पडली. पडताना ती ओरडलीही नाही. सोबी कुकरपाशी होती, धाडकन आवाज आला म्हणून धावली. यूवेन भिंतीला टेकून बसली होती, पाय पुढे पसरलेले.

“ऊठ,” सोबी म्हणाली.

“उठता येत नाही, आई.”

“लागलंय कुठे?”

“लागलंय का तेच कळत नाही.”

तिच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. मागे कुकर टकटक वाजला, पाचव्यांदा, आणि बंद झाला. रुग्णवाहिका येईपर्यंतच्या वेळात सोबीनं काय करावं? तिनं तो रस थर्मासमध्ये भरून घेतला.

ताइचुंगला यूवेनच्या हाताला सुई लावून वर पिवळ्या औषधाची पिशवी टांगली. पिशवीतून ते थेंब थेंब गळत होतं. डॉक्टर तरुण होता, घाईत होता, पण त्यानं उभं राहून सांगितलं. पायांच्या नसा उपाशी राहिल्यात. इंजेक्शनं चालू केलीत, आणखी उशीर झाला असता तर मेंदूवर गेलं असतं. पाय येतील. किती येतील ते आज सांगता येणार नाही. वर्ष लागेल, काठी लागेल, थोडा बधिरपणा कायमचाही राहील.

“उपाशी?” सोबी म्हणाली. “माझ्या घरात?”

डॉक्टरनं को मॅडमना बोलावलं. त्या सोबीला बाहेर घेऊन आल्या. तोच बाक होता, जिथं ती पन्नास मिनिटं बसली होती.

“मावशी, यादीतलं काय काय चालू होतं?”

सोबीनं पिशवीतून थर्मास काढला. अजूनही तिच्या हाताला त्याचा अभिमान होता. “हे बघा. रोज एक वाटी. एका कोंबडीचा रस, गेला महिनाभर दोन कोंबड्यांचा. पाण्याचा थेंब नाही यात.”

को मॅडमनी झाकण उघडून आत पाहिलं आणि परत लावलं. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांनी असे थर्मास आधीही पाहिले असावेत असं वाटलं.

“आणि मांस?”

“कसलं मांस?”

“रस काढल्यावर उरतं ते.”

“तो चोथा. तो कुत्र्याला.”

को मॅडमनी थर्मास हलकेच बाकावर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, “रसात थोडंफार असतं, मावशी. पण कोंबडीतलं प्रोटीन बहुतेक सगळं त्या चोथ्यातच राहतं. तो बारीक वाटून पेजेत घालून दिला असता तरी पावडरचं बरंचसं काम झालं असतं. रसानं तिचं पोट भरायचं, आणि मग ज्यात काही आहे ते आत जायला जागाच राहायची नाही.”

सोबीला कुरो दिसला. सावलीत पडलेला, तुकतुकीत, मानेवर वळ्या आलेला. अकरा आठवडे ती पहाटे उठून एका कुत्र्याला पोसत होती. तिला स्वतःची किळस आली.

“पाय त्यानं गेले?”

“पायांचं कारण वेगळं. बी-वन नावाचं व्हिटॅमिन असतं. उलट्या होत असल्या की ते आधी संपतं. मोठ्यांच्या गोळ्यांत ते असतं.”

सोबीनं अस्वलांच्या बरणीचं सांगितलं. ए, सी, डी, ई, तिनं बोटांवर म्हणून दाखवलं.

“त्या वड्या लहान मुलांच्या असतात. त्यांत बी-वन नसतं बहुतेक वेळा.”

“महाग असेल ते,” सोबी म्हणाली. निदान ते महाग असावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

“सगळ्यांत स्वस्त तेच आहे. गोळीला एखादा डॉलर पडतो. मावशी, यादी परवडत नाही असं मला रोज कुणीतरी सांगतं. मग मी दुसरी लिहून देते. पावडरऐवजी अंडी, टोफू, सोयाबीनचं दूध, साधी दुधाची भुकटी. गोळ्या इथल्याच इस्पितळातल्या, कंपनीचं नाव नसलेल्या, बिननावाच्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही. नुसता एक फोन करायचा होता.”

सोबी मान खाली घालून ऐकत होती. मग को मॅडम जे बोलल्या ते त्यांना बोलायचं नव्हतं, असं वाटलं.

“यूवेनला हे माहीत होतं. त्या माहितीच्या तासाला तिनंच विचारलं होतं, आई घरी कोंबडीचा रस काढील, तो चालेल का म्हणून. मी म्हटलं होतं, चव म्हणून दोन चमचे चालेल, जेवण म्हणून नाही. तिनं लिहून घेतलं होतं. म्हणून मला कळेना की असं कसं झालं.”

सोबी आत आली तेव्हा यूवेन डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती. चादरीखाली तिची पावलं दोन बाजूंना पडली होती. इतकी वर्षं जिच्या मांड्या, दंड, हनुवटी यांवर सोबीचं बोट ठेवलेलं असायचं, ती मुलगी आता पलंगावर ओसरलेली दिसत होती. सोबी स्टुलावर बसली.

“तुला माहीत होतं.”

“हो.”

“अस्वलांचं पण?”

“बरणीवर लिहिलं होतं. चार वर्षांपासून पुढे.”

“मग तोंड का नाही उघडलंस? एरवी मला चार शब्द ऐकवायला कमी करत नाहीस. खोटं बोललीस का आई म्हणून विचारायचंस. थोबाडात मारायचीस माझ्या.”

यूवेननं मान वळवली. तिचे ओठ फुटले होते.

“बोलले असते तर तू वाटी काढून घेतली असतीस.”

“कसली वाटी?”

“रसाची. तू स्टूल घेऊन बसायचीस ना समोर. घे म्हणायचीस. सगळं संपव म्हणायचीस.” ती दम घ्यायला थांबली. “आई, त्याआधी तू मला कधी खा म्हणाली होतीस? आठव बरं. मी पहिल्या दिवसापासून आठवतेय.”

सोबी आठवू लागली. बाळ असताना म्हणालीच असेल, कुठली आई म्हणत नाही. पण तोंडात घास देतानाचं असं एकही वाक्य तिच्या हाताला लागेना. लागत होतं ते दुसरंच. बास. हात उचल. लग्नातलं टेबल, हसणारी माणसं, आणि त्यांच्यात हसणारी सहावीतली पोरगी.

“मला वाटलं, दोन महिन्यांत काय होतंय,” यूवेन म्हणाली. “दोन महिने पिऊ. मग मीच गोळ्या आणीन गुपचूप. तोवर ऐकून घेऊ.”

ती हे रागानं म्हणाली असती तर सोबीला बरं वाटलं असतं. राग कसा झेलायचा हे तिला येत होतं. हे कसं झेलायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. ती पलंगाच्या दांड्याला धरून रडली, आवाज न करता, आणि यूवेन सुई नसलेल्या हातानं तिची बाही धरून राहिली.

बाराच्या सुमाराला परिचारिकेनं जेवण आणलं. छोट्या वाटीत वाफवलेलं अंडं, मऊ, वर सोयासॉसचे दोन थेंब. जोडीला गोळ्यांचा कागदी पेला, पाच गोळ्या, पाचही बिननावाच्या. सोबीनं वाटी यूवेनच्या हातात दिली आणि स्टूल पुढे ओढलं. ‘खा’ म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण तो शब्द आता तिला म्हणवेना. यूवेन वाट बघत थांबली. मग आपणच तिनं चमचा उचलला. एक घास. थांबली. दुसरा घास, बराच वेळ घोळवला. तिसरा.

“पोट भरलं,” ती म्हणाली.

सोबीचा हात सवयीनं वाटी काढून घ्यायला पुढे गेला. वाटीच्या काठाला बोटं लागली तेव्हा तिच्या ध्यानात आलं. हात तिथंच राहिला, आणि यूवेन त्या हाताकडे बघत होती.